घसा कोणाच्या हद्दींत?

हिंगोलीहून वाशिमकडे जाणारी सडक कनेरगांव नाक्यावरून जाते. एके काळीं या बाजूस निजामाचें राज्य संपून वऱ्हाड सुरू होई; आज मराठवाडा संपतो आणि विदर्भ लागतो. येथील ज्या गृहस्थाच्या घशांत महिनोन्‌महिने जळजळ होते, सकाळीं आवाज बसतो, सारखें खाकरावेंसें वाटतें, त्याला नांदेड गांठावें कीं अकोला, एवढाच प्रश्न पडत नाहीं. घशाच्या डॉक्टरांकडे जावें कीं पोटाच्या, हा प्रश्न त्याहून अवघड. हा विकारही दोन राज्यांच्या सीमेवरचाच आहे, आणि ती सीमा फार जुनी नाहीं.

जुन्या वैद्याला ती ठाऊकच नव्हती. माधवकराच्या निदानग्रंथांत अम्लपित्ताचें स्वतंत्र प्रकरण आहे. आंबट-कडू ढेकर, अपचन, अरुचि यांच्याच पंक्तीस त्यानें छाती व कंठ यांचा दाह बसविला आहे. घसा जळतो तो पोटामुळें, ही गोष्ट इतकी सहज लिहिली गेली. घरोघरीं ‘पित्त झालें’ म्हणतात त्यांत तोच वारसा आहे. उणीव होती ती एकच. जिवंत माणसाच्या स्वरयंत्रांत डोकावण्याचें साधन वैद्यापाशीं नव्हतें.

तें पुढें मिळवून दिलें एका गवयानें! मॅन्युअल गार्सिया हा स्पॅनिश गानगुरु. १८५४ सालीं दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा घशांत धरून आणि दुसऱ्या आरशानें त्यावर ऊन पाडून त्यानें स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली. पुढल्या वर्षीं तिचें वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें ठेवलें. ट्युर्क व चेर्माक या डॉक्टरांनीं तो आरसा रुग्णांसाठीं वापरला, आणि घशाचें वेगळें शास्त्र उभें राहिलें. पोटाचें शास्त्र दुसऱ्या वाटेनें निघालें. १८६८ सालीं जर्मनींत कुसमाउलनें तलवार गिळणाऱ्या एका खेळकऱ्याच्या जठरापर्यंत सरळ नळी घातली. नळी गेली घशांतूनच, पण पाहणाराची दृष्टि पोटावर होती.

या वाटणीची किंमत रुग्णांनीं दिली. १९२८ सालीं फिलाडेल्फियाच्या शेव्हालिये जॅक्सननें स्वरयंत्राच्या मागील भागांतील व्रणांचें वर्णन केलें व दोष दिला तो आवाजाच्या अतिवापराला. १९३५ सालीं न्यूयॉर्कच्या विंकेलस्टाइननें जठरांतील अम्लामुळें अन्ननलिकेचा दाह होतो असें मांडलें. हे दोन शोध शेजारीं राहूनही एकमेकांस भेटले नाहींत. अखेर १९६८ सालीं चेरी व मार्ग्युलिस यांनीं उपचारांना दाद न देणारे तसेच व्रण असलेल्या तीन रुग्णांची अन्ननलिका तपासली, तेव्हां मूळ खालीं सांपडलें.

मग पारडें दुसरीकडे झुकलें. घसा खवखवला कीं अम्लाची गोळी, अशी रीत पडली. ब्रिटनमधील एका चाचणींत घशाच्या सुमारें साडेतीनशें रुग्णांपैकीं कांहींना लॅन्सोप्राझोल व बाकीच्यांना औषधहीन गोळी सोळा आठवडे दिली. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा कीं आराम दोन्ही गटांना सारखाच पडला. घशाची प्रत्येक तक्रार पित्ताची नव्हे.

तंबाखू व विडी जेथें घराघरांत आहे, तेथें ही चूक जिवावर बेतूं शकते. पित्त समजून गोळ्यांवर काढलेल्या महिन्यांत स्वरयंत्राचा कर्करोग वाढत असूं शकतो. म्हणून आवाज तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ बसला किंवा मानेंत गांठ लागली, तर पहिला मान कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाचा. त्यानें दुर्बिणीनें स्वरयंत्र पाहिल्यावांचून पित्ताचें नांव घेऊं नये. घास अडकणें, वजन उतरणें, रक्ताची उलटी किंवा काळी शौचास होणें, यांसाठीं मात्र विलंब न करतां पोटविकारतज्ज्ञच गांठावा. घसा निर्धोक ठरला, छातींत जळजळ आहे, आणि महिना-दोन महिने औषध घेऊनही गुण नाहीं, तरी वाट त्याच्याकडेच जाते; मात्र घशाच्या डॉक्टरांचा कागद बरोबर असावा. तो अन्ननलिका पाहतो, आणि संशय उरल्यास नाकांतून बारीक नळी घालून चोवीस तास अम्ल मोजतो. खालचें आंबट पाणी खरोखर किती वेळां वर चढलें, याचा हिशेब तेव्हां कागदावर उतरतो.