यंत्र म्हातारं होतं म्हणजे काय?

घड्याळ बंद पडलं की आमचे अब्बा ते मोहल्ल्यातल्या कारागिराकडे नेत. तो डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडी. घड्याळ त्यानं बनवलेलं नव्हतं. पण ते उघडून बघायची त्याला मुभा होती. आजच्या विषयाचं मर्म या मुभेतच आहे.

२००० साली हातात मावणारे दोन संगणक बाजारात आले. कॉम्पॅकचा आयपॅक आणि ह्युलेट-पॅकार्डचा जोर्नाडा ७२०. दोघांचा मेंदू एकच, २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म. स्मृती अवघी ३२ मेगाबाइट. दोघांवर मायक्रोसॉफ्टची विंडोज सीई ही प्रणाली होती. त्या काळच्या अशा यंत्रांत माणसाची टिपणं चालत्या स्मृतीतच राहत. बॅटरी पुरती उतरली की सगळं पुसलं जाई. माझ्याकडेही जुन्या बाजारातून असाच एक हातसंगणक आला होता. गावी गेलो, चार्ज करायला विसरलो, आणि रोमन लिपीत टिपलेले दोन कवितांचे खर्डे गेले. चूक माझीच!

पुढे मोबाइल फोन आले आणि कंपन्यांनी या यंत्रांकडे पाठ फिरवली. नव्या सुधारणा थांबल्या. काच शाबूत, कळा शाबूत, तरी यंत्र म्हातारं ठरलं. कारण आतली प्रणाली कुलूपबंद होती आणि किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांना आता त्यात रस नव्हता.

पण दुसरी एक वाट होती. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स सुरू केलं. १९९३ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या कामाच्या पायावर नेटबीएसडी उभी राहिली. या मुक्त प्रणालींची आज्ञावली कुणीही वाचावी, बदलावी. आयपॅकवर लिनक्स चालवायच्या कामात तर कॉम्पॅकचेच संशोधक पुढे होते. आपल्याकडे २००१ मध्ये बंगळुरूला सिम्प्युटरचा नमुना दाखवला गेला. त्यातही स्ट्राँगआर्म आणि लिनक्स. निरक्षर माणसालाही वापरता यावा म्हणून त्याला भारतीय भाषांत बोलायला शिकवलं होतं. २००४ मध्ये तो 'अमिडा' या नावानं विक्रीला आला, पण फारसा खपला नाही.

जुन्या जोर्नाडावर नवी प्रणाली चढवायची रीत मोठी गमतीची आहे. मूळ विंडोज पुसायची नाही. नेटबीएसडी एका छोट्या कार्डावर उतरवायची आणि ते कार्ड यंत्राच्या खाचेत सरकवायचं. मग विंडोजमध्येच एक लहानसा प्रोग्रॅम चालवायचा. तो नव्या प्रणालीचा गाभा स्मृतीत आणतो आणि सूत्रं तिच्या हाती देतो. बॅटरी संपली तरी कार्डावरचं लेखन जागेवर राहतं. हे ऐकून मला माझे दोन खर्डे आठवले.

मार्च २०२४ मध्ये नेटबीएसडीची दहावी आवृत्ती निघाली, तिच्या यादीतही ही यंत्रं आहेत. आणखी एक गोष्ट. अनेक जुन्या संगणकांत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला मावेनासा होतो. नेटबीएसडीनं २०१२ मध्येच त्याची जागा वाढवून ठेवली. म्हणजे २००० सालचं यंत्र २०३८ नंतरही बरोबर तारीख सांगू शकेल. अब्बांच्या कारागिराला हे आवडलं असतं.

पण यात चमत्कार नाही. ३२ मेगाबाइटमध्ये आजची संकेतस्थळं उघडत नाहीत. गाभा बांधायचा तर तो मोठ्या संगणकावर बांधून आणावा लागतो. टिपणं, पत्रं, साधं लेखन एवढीच यंत्राची ताकद. शिवाय मुक्त असणं पुरेसं नसतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये लिनक्सच्या ६.३ आवृत्तीतून अनेक जुन्या यंत्रांचा आधार काढला गेला, कारण ती वापरणारं आणि सांभाळणारं कुणी दिसत नव्हतं. नेटबीएसडीतही अशा यंत्रांची काळजी हौशी माणसांवरच सोपवलेली आहे.

मुभा कायद्यानं मिळते, पण भिंग लावून बसणारा माणूस मिळावा लागतो. आमच्या मोहल्ल्यातलं ते दुकान आता नाही. अब्बांचं घड्याळ मात्र माझ्या कपाटात आहे, आणि रोज किल्ली दिली तर ते अजून चालतं.