ग्रंथस्वामित्वाची मुदत

ग्रंथावरील हक्क किती वर्षें चालावा, हा प्रश्न कायदेपंडितांचा, असें समजून सामान्य वाचक तो सोडून देतो. परंतु एखादें जुनें पुस्तक पुन्हां छापलें जाईल कीं वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडेल, हें पुष्कळदां याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतें.

इंग्लंडांत १७१० च्या कायद्यानें नव्या ग्रंथास १४ वर्षें, व तीं सरतांना ग्रंथकार हयात असल्यास आणखी १४ वर्षें हक्क दिला. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनीं तो मुळांत अक्षय असल्याचा दावा मांडला. हाउस ऑफ लॉर्ड्सनें १७७४ सालीं तो फेटाळला. पुढें १८४१ सालीं मृत्यूनंतर ६० वर्षांच्या मुदतीचें विधेयक आलें, तेव्हां स्वतः लेखक असलेल्या मेकॉलेनें त्यास विरोध केला. रिचर्डसनच्या कादंबऱ्यांचा हक्क, कादंबरीवाचन पाप मानणाऱ्या त्याच्या धर्मोपदेशक नातवाकडे असता तर त्या पुन्हां छापल्या गेल्या असत्या काय, असा त्याचा सवाल होता.

मेकॉलेला भय होतें तें वारसांच्या द्वेषाचें. आम्हांस अधिक भय वाटतें तें त्यांच्या विस्मृतीचें. अमेरिकेंत १९०९ च्या कायद्याप्रमाणें २८ वर्षांनीं अर्ज करून हक्क पुन्हां २८ वर्षें वाढवून घ्यावा लागे. १९६० च्या सुमारास झालेल्या सरकारी पाहणींत, शेंकडा सुमारें १५ हक्कच असे वाढविले जात, असें आढळलें. कांहींचा हक्क अज्ञानानें बुडाला असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु बहुतेकांस तो नकोच होता. १९९२ सालीं ही अर्जाची अट गेली, व १९९८ सालीं मुदत आणखी वाढली.

आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानें मृत्यूनंतर ५० वर्षें ठरविलीं होतीं. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत १९९१ अखेर संपूं लागली, तेव्हां त्या ५० चीं ६० करण्यांत आलीं. एका महाकवीच्या ग्रंथांसाठीं लावलेलें कुलूप असंख्य विस्मृत लेखकांच्या ग्रंथांवरही पडलें.

आमची सूचना लहानशी आहे. बर्न येथील आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें मृत्यूनंतरचीं ५० वर्षें नोंदणीवांचून दिलींच पाहिजेत. वरचीं १० मात्र आपण आपखुषीनें दिलेलीं आहेत. तीं अर्ज करील त्यासच, अल्प फी घेऊन, द्यावीं. अमेरिकेंतही शेवटच्या २० वर्षांसाठीं वारसांनीं नोंद करावी, असें तेथील ग्रंथस्वामित्व-खात्याच्या प्रमुखांनींच २०१३ सालीं सुचविलें होतें. ज्याला आपल्या आजोबांच्या ग्रंथासाठीं एक अर्जही करवत नाहीं, त्याच्या हातीं त्या ग्रंथाची किल्ली कां ठेवावी?