वक्त्याचा हात

इ. स. पूर्व ४३ सालच्या डिसेंबर महिन्यात रोमच्या चौकातील व्यासपीठावर एक छिन्न मस्तक मांडण्यात आले. ते होते रोमचा श्रेष्ठ वक्ता सिसेरो याचे. मार्क अँटनीच्या हुकमावरून मस्तकाबरोबर त्याचा उजवा हातही तोडून आणला होता. चरित्रकार प्लुटार्क तर दोन्ही हात म्हणतो. अँटनीविरुद्धची भाषणे त्या हाताने लिहिली होती, हे कारण उघड आहे. पण ज्या व्यासपीठावरून तो हात लोकांपुढे उठत असे, तेथेच तो टांगावा, या सुडाचा दुसरा अर्थही रोमकरांस उमगला असेल, असे आम्हांस वाटते. कारण त्या काळी वक्ता जितका जिभेने बोले, तितकाच हाताने बोले.

या हाताचे शास्त्र लिहून ठेवले ते क्विंटिलियनने. मूळचा स्पेनचा हा शिक्षक वीस वर्षे रोममध्ये वक्तृत्व शिकवीत होता आणि सम्राट व्हेस्पेशियनने त्याला सरकारी खजिन्यातून वेतन बांधून दिले होते. इ. स. ९५ च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या बारा भागांच्या ग्रंथातील अकराव्या भागात आवाज, मुद्रा, हात, बोटे, इतकेच काय, अंगावरील वस्त्राची चूणही त्याने सोडलेली नाही. हात डोळ्यांच्या वर नेऊ नये, छातीच्या खाली सोडू नये; डाव्या हाताने एकट्याने हावभाव करू नये. रोमन झगा डाव्या खांद्यावरून व हातावरून घेतलेला असे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा शेवटचा नियम सहज समजतो. नटासारखी नक्कल मात्र त्याला मुळीच खपत नसे. रोग्याविषयी बोलताना नाडी पाहण्याचा अभिनय करू नये. हाताने शब्दाची नव्हे, आशयाची साथ करावी, असे त्याचे सांगणे. आमच्या सेमिनरीतील प्रवचनकलेच्या तासांना याहून अधिक काही शिकविले गेले, असे आम्हांस स्मरत नाही.

हा पंडित विनोदालाही पारखा नव्हता. इ. स. पूर्व ७६ मध्ये कॉन्सल असलेला क्यूरिओ बोलताना दोन्ही बाजूंना झुलत असे. त्याला पाहून, नावेतून भाषण करणारा हा गृहस्थ कोण, असे एकाने विचारल्याची आठवण सिसेरोप्रमाणे तोही सांगतो.

दुसऱ्या शतकातील आफ्रिकेचा लेखक अपुलियस याच्या एका कथेत मेजवानीला आलेला पाहुणा गोष्ट सांगण्यापूर्वी वक्त्यांच्या रीतीने उजवा हात पुढे करतो: तळची दोन बोटे मिटलेली, उरलेली ताणलेली. वाचकांस हा हात ओळखीचा वाटेल. ख्रिस्ताच्या कित्येक प्राचीन चित्रांत तो असाच आहे. आपण त्याला आशीर्वाद म्हणतो. कलेचे इतिहासकार सांगतात की आरंभी ती बोलण्याची, शिकवण्याची खूण होती, आशीर्वादाचा अर्थ तिला मागाहून चिकटला.

ख्रिस्तसभेत ही विद्या आली ती रीतसर शाळेतून. मिलानचे बिशप संत अंब्रोज हे पूर्वाश्रमीचे वकील. एका उमेदवाराचे हावभाव अशोभनीय म्हणून त्यांनी त्याला याजकवर्गात घेतले नाही आणि दुसऱ्या एका याजकास, चाल उद्धट म्हणून, आपल्यापुढे चालण्यास मनाई केली. पुढे दोघेही ख्रिस्तसभा सोडून गेले, असे ते स्वतःच लिहितात. निकाल खरा ठरला खरा, तरी केवळ चालीवरून माणूस पारखणे आम्हांस जरा धाडसाचेच वाटते.

याच अंब्रोजांचे प्रवचन ऐकण्यास संत ऑगस्टिन प्रथम गेले ते आशयासाठी नव्हे, शैलीसाठी. ते स्वतः वक्तृत्वाचे अध्यापक होते. ३८६ मध्ये त्यांनी तो पेशा सोडला. वक्तृत्वात पहिले काय, असे विचारता ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिसने 'सादरीकरण' म्हटले होते; दुसरे काय, तिसरे काय, यांनाही तेच उत्तर. डिओस्कोरस नावाच्या तरुणास लिहिलेल्या पत्रात ऑगस्टिन हाच किस्सा सांगतात आणि सत्याच्या वाटेविषयी तीनदा विचारले तर आपण तीनदा 'नम्रता' म्हणू, असे कळवितात.

म्हणून त्यांनी ही कला टाकून दिली असे मात्र नाही. मॉरितानियातील सीझरिया नगरात दरवर्षी ठरावीक दिवसांत नागरिक दोन तट करून एकमेकांवर दगडफेक करीत. भाऊ भावावर, बाप मुलावर. माणसे मरत. ही प्रथा वाडवडिलांपासून चालत आलेली. ऑगस्टिन त्यांच्यापुढे उभे राहिले आणि होते नव्हते ते सारे वक्तृत्व त्यांनी पणास लावले. लोकांनी टाळ्या वाजविल्या, तेव्हा काही साधले असे त्यांना वाटले नाही. टाळ्या म्हणजे केवळ भाषण आवडले. मग डोळ्यांत पाणी दिसू लागले, तेव्हा त्यांनी बोलणे आवरते घेतले आणि लोकांसह देवाचे आभार मानले. वृद्धपणी, ४२६ च्या सुमारास, हे लिहिताना ते नमूद करतात की त्या गोष्टीला आठ किंवा अधिक वर्षे झाली, पण त्या नगरात तशी दगडफेक पुन्हा झालेली नाही.