कोलोकासियाचा कंद कोणता ?

मंगरूळपीरच्या एखाद्या सुगृहिणीपुढें दोन हजार वर्षांपूर्वीची एक ग्रीक पाककृति ठेविली, तर तिला पहिला प्रश्न पडेल तो मसाल्याचा नव्हे, भाजीचा. कृति सोपी आहे : मुळें उकडावीं आणि मेजवानींत मांडावीं. पण मुळें कशाचीं ? ग्रीक ग्रंथकार त्यांस 'कोलोकासिया' म्हणतात. आजचें वनस्पतिशास्त्राचें पुस्तक उघडलें, तर कोलोकासिया म्हणजे अळू. ज्याच्या पानांस विदर्भांत पुष्कळ ठिकाणीं धोपा म्हणतात, आणि ज्याच्या कंदास अळकुडी किंवा अरबी. शोध येथेंच संपला असें वाटेल. परंतु या उत्तरावर विसंबून कोणी ग्रीकांच्या सांगण्याप्रमाणें तो कंद खाऊं लागला, तर त्याच्या घशाला खाज सुटल्यावांचून राहणार नाहीं.

ही पाककृति निकान्द्र नांवाच्या कवीची. तो इसवी सनापूर्वी २ ऱ्या शतकांतला. शेतीवरील त्याचें काव्य आज समग्र उपलब्ध नाहीं, पण इ. स. २०० च्या सुमारास अथेनियस या ग्रंथकारानें आपल्या भोजनविषयक ग्रंथांत त्यांतील कांहीं ओळी उतरून घेतल्या, म्हणून त्या वांचल्या. निकान्द्र सांगतो कीं, 'इजिप्तचा घेवडा' पेरावा, त्याच्या फुलांच्या माळा कराव्या, पिकलेलीं बोंडें मेजवानीस आलेल्या तरुणांच्या हातीं द्यावीं आणि मुळें उकडून वाढावीं. अथेनियस हा इजिप्तमधील नौक्रातिस गांवचा. तो खुलासा करितो कीं, याच मुळांस अलेक्झांड्रियाचे लोक कोलोकासिया म्हणतात. आतां अळूच्या फुलांच्या माळा कोणी ओंविल्या आहेत ? अळूला फूल येतें तेंच क्वचित्. आणि त्याचें बीं खाण्याची चाल तर कोठेंच नाहीं.

याहून स्पष्ट साक्ष ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याची आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या वनस्पतिग्रंथांत तो या घेवड्याचें वर्णन करितो. झाड तळ्यांत व दलदलींत उगवतें. देंठ चार हात लांब व बोटाएवढा जाड. फूल गुलाबी, अफूच्या फुलाच्या दुप्पट. बोंड गांधीलमाशीच्या पोळ्यासारखें, आणि त्याच्या प्रत्येक घरांत एकेक दाणा, असे फार तर तीस दाणे. मूळ जाडांत जाड वेळूपेक्षांही जाड, आणि त्यांत आरपार पोकळ नळ्या. तें लोक कच्चें, उकडून व भाजूनही खातात.

या खुणा वाचतांच महाराष्ट्रांतील वाचकास निराळें सांगावयास नको. पोळ्यासारखें बोंड म्हणजे कमळगट्ट्याचें घर. आणि नळ्यांचें मूळ म्हणजे बाजारांत मिळणारी कमळकाकडी.

तरीही कोणाच्या मनांत शंका उरलीच, तर ती स्वयंपाकघरांत फिटते. थिओफ्रास्टस 'कच्चें' म्हणतो. अळूच्या कंदांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेंत व घशांत रुततात. म्हणूनच अळू चिरतांना हातास तेल लावावयाचें, आणि शिजवितांना चिंच किंवा आमसूल घालावयाचें, हें घरोघरीं पाठ असतें. असा कंद कच्चा खाणारा देश पृथ्वीच्या पाठीवर संभवत नाहीं. शब्दकोशानें जी गफलत केली, ती चिंचेच्या एका बुटुकानें उघडी पडते.

या घेवड्यानें एका जगज्जेत्यासही चकविलें होतें. इसवी सनापूर्वी ३२६ सालीं अलेक्झांडर पंजाबांत असतां त्यास सिंधु नदींत मगरी दिसल्या, आणि असिक्नी म्हणजे चिनाब नदीच्या कांठीं हाच 'इजिप्तचा घेवडा' दिसला. चिनाबेचें पाणी सिंधूस मिळतें हें कळतांच नाईल नदीचा उगम आपणांस सांपडला, असें त्यानें ठरविलें व आई ऑलिंपियस हिला तसें पत्रही लिहिलें. पुढें सिंधु समुद्रास मिळते हें कळल्यावर त्यानें पत्रांतून तो मजकूर काढून टाकला, असें एरियन हा इतिहासकार सांगतो. अलेक्झांडरनें झाड बरोबर ओळखलें होतें. चुकलें तें अनुमान.

मग कमळाचें नांव अळूस गेलें कसें ? अळू हा पूर्वेकडील कंद. तो पश्चिमेस इजिप्तमध्यें पोंचला आणि तेथें शेतांतून रुजला. उलट कमळ नाईलच्या पाण्यांतून हळूहळू नाहींसें झालें. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीबरोबर गेलेला फ्रेंच शास्त्रज्ञ दलील यास तें तेथें आढळलें नाहीं. वस्तु गेली, नांव मात्र मागें राहिलें. अरबीत 'कुल्कास' होऊन तें त्याच देशांतील दुसऱ्या खाद्य कंदास चिकटलें. १७५३ सालीं लिनियसनें अळूच्या जातींत हें नांव घातलें, व १८३२ सालीं शॉटनें तें सबंध कुळीस दिलें. कमळास मिळालेलें 'नेलुंबो' हें शास्त्रीय नांव सिंहली भाषेंतलें. म्हणजे ग्रीकांच्या कमळाचें नांव अळूकडे, आणि कमळास नांव सिंहलद्वीपाचें !

सायप्रस बेटांत आजही ग्रीक भाषा बोलणाऱ्या घरीं 'कोलोकासी' शिजतें, तें मात्र खरोखरच अळूचा कंद असतें. तेथील रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कंद सोलल्यावर धूत नाहींत, फडक्यानें पुसतात. सुरी अर्धवट घालून तुकडा मोडून काढतात, म्हणजे बुळबुळ सुटत नाहीं. आणि शेवटीं लिंबू पिळतात. आपण चिंच घालतों, ते लिंबू, अनुभव एकच.

कमळाचा कंद वऱ्हाडास परका नाहीं. मंगरूळपीरच्या शेजारचें वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. तेथील प्राचीन तीर्थाचें नांवच पद्मतीर्थ. त्याच वाकाटक शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ वें लेणें कोरविलें. आणि अजिंठ्याच्या चित्रांत कमळें जागोजाग फुललेलीं आहेत. चरकसंहितेंत बिस व शालूक हे कमळाचे भाग पचावयास जड म्हणून नित्य खाऊं नयेत, असें सांगितलें आहे. नित्य खाऊं नका असें ज्या अर्थीं सांगावें लागलें, त्या अर्थीं लोक ते आवडीनें खात असले पाहिजेत.

आतां पाककृति. कमळकाकडी मोडून पाहावी : मोडलेल्या तोंडांतून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु निघाले, तर ती खरी, बुळबुळीत चीक निघाला, तर तो अळू. नळ्यांतला चिखल पाणी सोडून नीट काढावा, साल खरवडावी, तिरप्या चकत्या करून मीठ घातलेल्या पाण्यांत उकडाव्या. येथें निकान्द्र थांबतो. अपिशियसच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या रोमन पाकग्रंथांत कोलोकासियासाठीं पुढचा रस्सा दिला आहे : मिरीं, जिरें, सताप, मध, थोडें तेल व माशांचें आंबविलेलें खारट पाणी, आणि उकळी आल्यावर दाटपणास गव्हाचें सत्त्व. माशांच्या पाण्याऐवजीं मीठ घातलें कीं बाकीचें सारें मंगरूळपीरच्या घरांत जमण्यासारखें आहे. चकत्या शिजल्या तरी दाताखालीं किंचित् करकरीत लागतात. तो कच्चेपणा समजून आणखी शिजवूं नये. कमळकाकडीचा गुणच तो आहे.