करोना संसर्ग आणि हृदय

करोना संसर्ग आणि हृदय : सार्स-कोव्ह-२ विषाणूमुळे होणाऱ्या कोविड-१९ या रोगात हृदय व रक्तवाहिन्यांना होणारी इजा. रोगाची सुरुवात श्वसनमार्गात होते. पण त्याची झळ रक्ताभिसरण संस्थेलाही लागते आणि ती कधीकधी ताप उतरल्यावरही टिकते.

कारणे : विषाणू पेशींवरील एसीई-२ या ग्राही प्रथिनाला चिकटून आत शिरतो. हे प्रथिन हृदयातील पेशींवरही असते. तरीही बरीचशी इजा शरीराच्या तीव्र दाहक प्रतिक्रियेतून होते. दाहाने रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते आणि रक्त लवकर गोठू लागते. हृदयाच्या रोहिणीतील जुना मेदाचा थर फुटून तिथे गुठळी झाली, की हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूकडे जाणारी रोहिणी बंद झाल्यास पक्षाघात होतो. न्यूमोनियात रक्तातील प्राणवायू घटतो आणि तापामुळे हृदयाचे काम वाढते, त्यानेही हृदयस्नायू दुखावतात. अशा इजेत रक्तातील ट्रोपोनिन हे प्रथिन वाढते.

विकार : स्वीडनमधील ८६,७४२ रुग्णांच्या अभ्यासात संसर्गानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका अनेक पटींनी वाढलेला आढळला. हृदयस्नायूंचा दाह, ठोक्यांची अनियमितता व फुप्फुसातील गुठळ्या हे इतर विकार होत. संसर्गानंतर काही आठवड्यांनी मोजक्या मुलांत बहुअवयवी दाह होतो व हृदयाच्या रोहिण्या फुगू शकतात. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि आधीचा हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक असतो.

दीर्घकालीन परिणाम : अमेरिकेतील सुमारे दीड लाख माजी सैनिकांच्या पाहणीत संसर्गानंतर वर्षभरात हृदय निकामी होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी अधिक दिसला. त्यांत वयस्क पुरुष बहुसंख्य असल्याने हा आकडा सर्वांना जसाच्या तसा लागू होत नाही. काहींना उभे राहताच छातीत धडधडते व चक्कर येते.

लस व आकस्मिक मृत्यू : एमआरएनए लशींनंतर क्वचित, मुख्यतः तरुण पुरुषांत, हृदयस्नायूंचा दाह आढळला. भारतात मात्र प्रामुख्याने कोव्हिशील्ड व कोव्हॅक्सिन या एमआरएनए नसलेल्या लशी वापरल्या गेल्या. १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लशीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. कोविडसाठी रुग्णालयात दाखल झालेले असणे, कुटुंबात आकस्मिक मृत्यूचा इतिहास, अति मद्यपान व अतिश्रम यांच्याशी मात्र संबंध आढळला.

अलोरे परिसर : उपचारांपासूनच्या अंतराचा प्रश्न अलोऱ्याच्या उदाहरणातून कळतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील हे गाव कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ओळखले जाते. उपचारांसाठी एका बाजूला चिपळूण, तर दुसऱ्या बाजूला कुंभार्ली घाटापलीकडे कराड. झटक्यानंतर रोहिणी जितकी लवकर मोकळी होईल तितका स्नायू वाचतो. म्हणून अशा गावांत अंतर हाही आजाराचाच एक भाग ठरतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण शहर बुडाले तेव्हा, साथ चालू असतानाच, परिसराची हक्काची बाजारपेठ व दवाखाने एकदम दुरावले.

दक्षता : नेहमीची पाखाडी (पायऱ्यांची वाट) चढताना नव्याने धाप लागणे, पाय सुजणे, छातीत धडधडणे ही लक्षणे संसर्गानंतर दिसल्यास ईसीजी व रक्तदाब तपासावा. छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी तक्रार असेल, तर गॅस समजून थांबू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.