स्लॉट खेळ, ऑनलाइन

स्लॉट खेळ, ऑनलाइन : पडद्यावर उभ्या रकान्यांत फिरणारी चित्रे थांबल्यावर कशी जुळतात, यावर पैसे लावून खेळायचा नशिबाचा खेळ. नाणे टाकण्याच्या फटीवरून त्याला हे नाव पडले. फट गेली, नाव राहिले. किती पैसे लावायचे ते ठरवणे आणि बटण दाबणे, एवढेच खेळणाऱ्याच्या हाती असते. बाकी सारे यादृच्छिक आकडे काढणारा प्रोग्राम ठरवतो, आणि सहसा तेही बटण दाबताक्षणीच. चित्रांचे फिरणे हा निकाल जाहीर करण्याचा देखावा. ज्यात शिकण्यासारखे कसब नाही, समोर प्रतिस्पर्धी नाही आणि दीर्घकाळात तोटा ठरलेला आहे, असा खेळ माणसे तासन्‌तास का खेळतात? मोठ्या बक्षिसाची हाव, हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. या खेळाची खरी पकड डावांच्या लयीत आहे. पैसे लावणे आणि निकाल कळणे यांतले अंतर इथे जवळजवळ पुसले जाते, आणि तोटा इतका बारीक चिरला जातो की तो तोटा वाटेनासा होतो.

सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झालेला बव्हेरियाचा कारागीर चार्ल्स फे याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र घडवले. तीन रिळे, प्रत्येकावर दहा थांबे. म्हणजे एकूण १,००० जुळण्या. तीन घंटा एका ओळीत आल्या की ५० सेंट. या रचनेला तिची अशी एक मर्यादा होती. मोठे बक्षीस ठेवायचे तर थांबे वाढवावे लागत, त्यासाठी रीळ मोठे करावे लागे, आणि रीळ मोठे दिसले की आपली संधी किती तोकडी आहे हे खेळणाऱ्याला नुसत्या नजरेने कळे. इंगे टेल्नेस याच्या १९८४ च्या अमेरिकी पेटंटाने ही मर्यादा मोडली. बाहेरून रीळ २२ थांब्यांचेच, पण यंत्राच्या पोटात प्रत्येक रिळासाठी, समजा, ६४ आकड्यांची यादी. कोणता आकडा कोणत्या थांब्याला बांधायचा, हे रचनाकाराच्या मर्जीवर. डोळ्यांना १०,६४८ शक्यता दिसतात, हिशेबात त्या २,६२,१४४ असतात. शिवाय बरेचसे आकडे जॅकपॉटच्या चित्राच्या लगतच्या रिकाम्या जागांना बांधले, तर ते चित्र पुन्हा पुन्हा केसभर अंतराने हुकताना दिसते. ऑनलाइन खेळात तर रीळ नावाची वस्तूच उरली नाही. चित्रांची पट्टी हवी तेवढी लांब करता येते. फिरत्या रिळाची नक्कल मात्र इमानाने टिकवली आहे, ती उगीच नव्हे.

या थोडक्यात हुकलेल्या डावांवर बरेच संशोधन झाले आहे. केंब्रिजचे ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असा डाव साफ हरलेल्या डावापेक्षा अधिक नकोसा वाटला, तरीही पुढे खेळण्याची इच्छा त्याने वाढवली. आणि ही वाढ दिसली ती खेळणाऱ्याने चित्र स्वतः निवडले होते तेव्हाच. या निष्कर्षात आवडणे आणि हवेसे वाटणे यांची फारकत उघड होते. स्लॉट खेळ ‘समाधान देतो’ असे म्हणताना ही फारकत सहसा विसरली जाते. अर्थात या पुराव्याला आव्हानही मिळाले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, हुकलेल्या डावांमुळे माणसे प्रत्यक्षात जास्त वेळ खेळत राहतात या समजुतीला भक्कम आधार आढळला नाही. हा आक्षेप मान्य करायला हवा. पण त्याने धक्का बसतो तो एका युक्तीला. खेळाची इमारत त्या एका खांबावर उभी नाही.

मुख्य खांब तोट्याच्या वेशांतराचा आहे. आजच्या खेळात एका डावात वीस ओळींवर पैसे लावता येतात. ओळीला १ रुपया, म्हणजे डावाला २० रुपये. त्यातली एक ओळ जुळून ६ रुपये परत आले की दिवे लुकलुकतात, नाणी खळखळतात, आकडा वर चढतो. खिशातून गेलेले असतात १४ रुपये. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की अशा डावाला खेळणाऱ्याची त्वचा, म्हणजे घामाच्या सूक्ष्म बदलांतून मोजलेली उत्तेजना, खऱ्या जिंकण्यासारखीच प्रतिसाद देते. परताव्याच्या टक्केवारीचेही असेच. ९६ टक्के परतावा वाचून वाटते, हजारातले ९६० घरी येतील. पण ती टक्केवारी प्रत्येक डावावर लागते आणि परत आलेले पैसे पुन्हा डावावर लागतात. तीन सेकंदांना एक डाव धरला तर तासाला १,२०० डाव. डावाला १० रुपये लावले तर १२,००० रुपयांची उलाढाल, आणि सरासरी ४८० रुपयांचा तोटा. यात फसवणूक कुठेच नाही, फक्त गुणाकार आहे.

ही गती स्लॉटला इतर जुगारांपासून वेगळे काढते. मुंबईच्या मटक्यात ओपन आणि क्लोज हे दोन आकडे जाहीर होण्याच्या मध्ये काही तासांची वाट असे. स्वप्ने, गाड्यांचे नंबर, कुणाच्या कानात पडलेला आकडा, सगळी गंमत त्या वाट पाहण्यात सामावलेली. स्लॉटने वाट पाहणेच काढून टाकले. किती प्रयत्नांनंतर फळ मिळेल याचा नेम नसला की वर्तन सर्वांत चिवट होते, हे फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडले होते. त्या अनिश्चिततेला दर तीन सेकंदांची गती मिळाली की काय होते, ते मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाऊ शुल यांच्या लास व्हेगासमधील दीर्घ अभ्यासात दिसते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातील अट्टल खेळाडू जिंकण्यासाठी खेळत नाहीत. वेळ, देणी, माणसे विसरायला लावणाऱ्या एका तंद्रीत राहण्यासाठी ते खेळतात, आणि मोठे बक्षीस लागले की त्यातल्या काहींना खेळ थांबल्याचा उलट त्रासच होतो. ब्रिटनच्या नियामकाने ऑक्टोबर २०२१ पासून लागू केलेले नियमही याच नाडीवर बोट ठेवतात : दोन डावांत किमान अडीच सेकंद, आपोआप खेळत राहण्याची सोय बंद, आणि लावलेल्या रकमेइतके वा त्याहून कमी परत आले तर जल्लोष बंद. बक्षिसाच्या रकमेला या नियमांनी हात लावलेला नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, हे सारे व्यसनींबद्दल झाले. बहुसंख्य लोक सिनेमाच्या तिकिटाइतके पैसे खर्चून चित्रे, संगीत, कथानक यांची करमणूक विकत घेतात. बहुसंख्यांबद्दलचे विधान बरोबर आहे, आणि प्रत्येक खेळणाऱ्याला रोगी ठरवणे अन्यायाचेच. पण सिनेमाच्या तिकिटाची किंमत आत शिरण्यापूर्वी कळते. इथे ती खेळ चालू असताना ठरते, आणि ती लक्षात येऊ नये अशी रचना असते. इजिप्तच्या राण्या आणि फळांच्या टोपल्या पहिल्या डावाला बोलावतात, पाचशेव्या डावाला त्या दिसतही नसाव्यात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : पैशांची आशा काढून टाका, मग हा खेळ कोण खेळेल? याचे उत्तर बाजारानेच दिले आहे. आभासी नाणी विकत घेऊन खेळायचे, जिंकलेले काहीही वटवता न येणारे स्लॉट खेळ जगभर चालतात आणि लोक त्यांवर खरे पैसे खर्चतात. अशाच एका खेळाबद्दल २०१८ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार ही नाणी ‘मोलाची वस्तू’ ठरवली, कारण त्यांच्यामुळे आणखी खेळता येते. खेळत राहणे हेच मोल, हे न्यायालयाने कायद्याच्या भाषेत मान्य केले.

भारतात २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, कसब की नशीब हा भेद न करता, बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गोव्याने मात्र आपल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना परवानगी दिली होती, आणि पुढे जहाजांवरील कॅसिनोंनाही. मांडवीत नांगरलेल्या त्या जहाजांवरची यंत्रे केंद्राच्या नव्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. तो फक्त ऑनलाइन खेळांपुरता आहे.