झाशीचा वेढा : लष्करी सर्जनांच्या आठवणी आणि ‘माझा प्रवास’

१८५८च्या झाशी-मोहिमेवरील प्रत्यक्षदर्शी इंग्रजी लेखनात दोन शल्यवैद्यांची पुस्तके आहेत. टॉमस लो हा मद्रास सॅपर्स अँड मायनर्सचा वैद्यकीय अधिकारी. त्याचा मध्य हिंदुस्थानातील बंडाचा वृत्तांत १८६० साली लंडनमध्ये छापला गेला. त्याच वर्षी जॉन हेन्री सिल्व्हेस्टर या मुंबई लष्करातील सर्जनाच्या माळवा-मोहिमेच्या आठवणी मुंबईत प्रसिद्ध झाल्या. दोघेही सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर होते.

शल्यवैद्य सेनापतीप्रमाणे दुरून युद्ध पाहत नाही. त्याच्यापुढे येतात ती जखमी शरीरे. ३ एप्रिल रोजी तटाला शिड्या लावताना डिक आणि मिकलजॉन हे तरुण इंजिनिअर अधिकारी पडले. ८६व्या पलटणीचा सर्जन स्टॅक शहरात जखमींची शुश्रूषा करीत असताना मारला गेला. पुढे ७ मे रोजी कूंचच्या लढाईत गोळीइतकेच उन्हानेही सैनिक कोसळले. खुद्द रोजला उष्माघाताचे झटके आले. बुंदेलखंडातील वैशाखाची ही दाहकता वैद्यकाच्या नजरेमुळेच या वृत्तांतांत ठसठशीत उतरते.

ही करुणा मात्र तटाच्या आतल्या माणसांपर्यंत क्वचितच पोहोचते. ८ जून १८५७ रोजी जोखनबागेत झालेल्या इंग्रजांच्या हत्याकांडाची आठवण लोच्या लेखणीवर सतत स्वार आहे आणि शहरातील कत्तल त्याला त्या अपराधाचे शासन वाटते. वैद्याचा धर्म येथे पलटणीच्या धर्मापुढे नमतो. तरीही ही पुस्तके केवळ साम्राज्यवादी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. वेढ्याचा देह त्यांत जसा आहे तसा खलित्यांत नाही.

तटाच्या आत त्याच वेळी वरसईचे विष्णुभट गोडसे होते. मथुरेस बायजाबाई शिंदे करणार असलेल्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने काका रामभटांसह निघालेला हा भिक्षुक झाशीत अडकला. त्याच्या ‘माझा प्रवास’मध्ये हलवाईपुऱ्यातील आग, कोणत्या दिवशी कोणत्या वस्तू लुटल्या गेल्या याचा क्रम आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची नासधूस येते. पोथ्यांवर पोट असणाऱ्यालाच ती नासधूस एखाद्या मृत्यूसारखी टिपता आली. सर्जनाला जखम दिसते. गोडशांना घर रिकामे होताना दिसते.

स्मृती आणि मुद्रण यांतील अंतरही लक्षात घ्यावे लागते. लोचा मजकूर दोन वर्षांत छापून झाला, संताप निवण्यापूर्वीच. गोडशांनी सुमारे पाव शतकानंतर लिहिले, चिं. वि. वैद्यांनी फेरफार करून ते १९०७ साली प्रसिद्ध केले आणि मूळ बखरीचा पाठ दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ साली वाचकांपुढे आला. सिल्व्हेस्टरचेही काहीसे असेच झाले : त्याच्या विस्तृत आठवणी ‘कॅव्हलरी सर्जन’ या नावाने संपादित होऊन १९७१ साली निघाल्या. म्हणजे आज तुलनेसाठी जे हाती येते त्यात १८५८च्या साक्षीदाराबरोबर पुढचा संपादकही बोलत असतो. वैद्यांची आवृत्ती आणि पोतदारांचा पाठ शेजारी ठेवल्याशिवाय गोडशांची साक्ष लोच्या साक्षीसमोर उभी करता येत नाही. आणि १८६०चे पुस्तक बाजूला ठेवून १९७१च्या सिल्व्हेस्टरवर भिस्त ठेवणेही तितकेच धोक्याचे आहे.